साथीचा रोग आणि उन्हाळ्यांतील जलविहार

कळव्याच्या पुलावर उभें राहून ओहोटीच्या वेळीं खालीं पाहिलें असतां पाण्यापेक्षां चिखलच अधिक दिसतो. परंतु सहा तासांनीं पुन्हां तेथें यावें, तों तोच चिखल नाहींसा होऊन दोन्ही तीरांवरील तिवरांच्या मुळांशीं पाणी लागलेलें असतें. ह्या खाडीच्या कांठीं राहणाऱ्या आपणां लोकांस होडी ही कांहीं नवलाची वस्तु नव्हे. आगगाडी येण्यापूर्वीं ठाणें व कल्याण ह्या गांवांचा मुंबईशीं व्यवहार बराचसा ह्याच पाण्यावरून चालत असे. १८५४ सालीं लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणास गेला, आणि तेव्हांपासून आपण हळूहळू पाण्याकडे पाठ फिरविली.

आतां होडींत बसावयाचें तें बहुधा मौजेसाठींच. ठाण्याच्या मसुंदा तलावांत पायांनीं चालवावयाच्या होडींत बसणें ही लहान मुलांची पहिली पायरी. त्यापुढील पायरी म्हणजे ऐरोलीच्या बाजूनें खाडींत जाऊन रोहित पक्षी, ज्यांस हल्लीं सर्वजण फ्लेमिंगो म्हणतात, ते पाहून येणें. ज्यांस खाडी पुरत नाहीं त्यांनीं मुंबईस गेट वे ऑफ इंडियाजवळून घारापुरीस अगर मांडव्यास जावें. मांडव्यास उतरलें कीं अलीबाग जवळच आहे. वार्षिक परीक्षा संपत आल्या म्हणजे घरोघर असले बेत सुरू होतात, हें पालकांस सांगावयास नकोच.

२०२० सालच्या फेब्रुवारींत आमच्या घरींही असा एक बेत झाला होता. माझी बहीण खारीगांवास राहते. तिच्या घरचीं व आमच्या घरचीं मिळून बारा माणसें. खाडीकांठच्या एका तांडेलाची लांकडी होडी एप्रिलांतील एका दिवसासाठीं ठरविली व त्यास विसारही देऊन ठेवला. माझा भाचा तेव्हां अकरा वर्षांचा होता. त्यानें भरती-ओहोटीचें कोष्टक वहींत उतरून घेऊन, कोणत्या दिवशीं किती वाजतां निघावें, ह्याचा हिशेब मांडला होता. हा हिशेब वाटतो तितका सोपा नाहीं. भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचें पाणी पुष्कळ चढतें, तर अष्टमीच्या सुमारास, ज्यास कोळी लोक भांग म्हणतात, तें पाणी बेताचेंच चढतें. पक्षी चिखलावर चरतात, म्हणून चिखल उघडा हवा; आणि होडी तर चिखलावर चालत नाहीं. ह्या दोहोंच्या मधली अशी घटका साधावी लागते.

घटका साधली, पण साल साधलें नाहीं. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची जगद्व्यापी साथ जाहीर केली. १७ मार्चपासून घारापुरीच्या लेण्यांसह देशांतील पुरातत्त्व खात्याचीं सर्व स्मारकें बंद झालीं. त्याच महिन्यांत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी पोटांत घेऊन जाणारें नवें जहाज सुरू झालें होतें. तें थोड्याच दिवसांत थांबलें. २५ मार्चपासून सर्व देशभर टाळेबंदी झाली.

त्या दिवसांत भाच्यानें मला टेलिफोनवर एक प्रश्न केला. "मामा, बाजारांत गर्दी असते, गाडींत गर्दी असते, तीं बंद केलीं तें समजलें. पण खाडीवर तर कोणीच नाहीं. आपण आपलीं माणसें होडींत बसून मोकळ्या वाऱ्यांत गेलों, तर कोणाचा रोग कोणास लागणार?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं, "सरकारची आज्ञा आहे" एवढेंच मी म्हणालों. मुलांस असलें उत्तर पटत नाहीं, आणि पटूं नये हेंच बरें. पुढें मी ह्या विषयावर जें वाचलें व पाहिलें, तें येथें मांडतों.

भाच्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. हा रोग मुख्यत्वें श्वासावाटे पसरतो. बंद खोलींत श्वासाबरोबर बाहेर पडलेले सूक्ष्म कण बराच वेळ हवेंत तरंगत राहतात. खाडीवरील वाऱ्यांत ते क्षणांत विरळ होतात. केवळ पाण्यावरचा तास पाहिला तर त्यासारखी निर्धोक जागा शोधून सापडणार नाहीं. परंतु जलविहार पाण्यावर सुरू होत नाहीं व पाण्यावर संपतही नाहीं. तो धक्क्यावर सुरू होतो आणि दुसऱ्या एखाद्या धक्क्यावर जाऊन टेकतो. कळव्याहून गेट वेपर्यंत जावयाचें तर लोकलगाडी आली. तेथें तिकिटाची खिडकी, रांग, खलाशाचा हात धरून लाँचवर पाऊल टाकणें, मग बांकावर खांद्यास खांदा लावून बसणें. स्वतःची होडी असली तरी तिला तेल लागतें, हाताखालीं माणूस लागतो, आणि यंत्र मध्येंच बंद पडलें तर ओढून आणावयास दुसरी होडी लागते. शिवाय पलीकडच्या तीरावर एखादें लहानसें गांव असतें. शहरांतील रुग्णालयें जेथें भरून गेलीं होतीं, तेथें अशा गांवांत एक जरी रोगी उतरला तरी त्याला न्यावें कोठें?

जहाजाबरोबर रोग येतो हें ज्ञान फार जुनें आहे. एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं रागुसा नांवाचें व्यापारी नगर होतें. त्यालाच आज डुब्रॉवनिक म्हणतात. १३७७ सालीं तेथील कारभाऱ्यांनीं असा नियम केला कीं, प्लेग असलेल्या प्रदेशांतून येणाऱ्यांनीं एक महिना नगराबाहेर राहिल्याखेरीज आंत येऊं नये. पुढें तीस दिवसांचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेंतील चाळीस ह्या अर्थाच्या शब्दावरून 'क्वारंटीन' हा शब्द निघाला. आपल्याकडे प्लेगच्या काळांत त्याचेंच 'कारंटीन' झालें. जुन्या माणसांच्या तोंडीं तो शब्द किती धाकानें येत असे, हें ज्यांनीं ऐकलें असेल त्यांस आठवेल.

येथें एक गमतीची गोष्ट सांगतों. पूर्वीं पिवळें निशाण म्हणजे जहाजावर रोग आहे, जवळ येऊं नका, अशी समजूत असे. हल्लींच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत नेमका उलट अर्थ आहे: पिवळें निशाण लावणारें जहाज असें सांगतें कीं, आमच्याकडे सर्व निरोगी आहेत, तरी आम्हांस बंदरांत येण्याची मोकळीक द्यावी.

मुंबईस प्लेग आला तो १८९६ च्या सप्टेंबरांत, बंदरालगतच्या मांडवी भागांत. तेथें दवाखाना चालविणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनीं तो प्रथम ओळखला. पुढच्याच वर्षीं, १८९७ सालीं, साथरोगांचा कायदा झाला. त्यांत बंदरांत येणाऱ्या व बंदरांतून निघणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याचा व त्यांवरील माणसांस अडवून ठेवण्याचा अधिकार सरकारास दिलेला आहे. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत लागू केला तो हाच कायदा. म्हणजे माझ्या भाच्याची होडी ज्या नियमानें अडली, तो सव्वाशें वर्षांपूर्वीं जहाजें डोळ्यांपुढें ठेवूनच लिहिलेला होता.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची हकीकत याहूनही बोलकी आहे. त्या वर्षीं जूनच्या १० तारखेस मुंबईंत सात पोलीस शिपाई तापानें आजारी पडून रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकीं एकाचा पहारा गोदीवर होता. पाहतां पाहतां ती साथ शहरभर व मग आगगाडीनें देशभर गेली, आणि हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या ७ तारखेस पॅसिफिक महासागरांतील पश्चिम सामोआ बेटांच्या आपिया बंदरांत ऑकलंडहून 'तालुने' नांवाची आगबोट आली. तिच्यावर आजारी माणसें होतीं. तरी तिला धक्क्याशीं येऊं दिलें. थोड्याच आठवड्यांत तेथील सुमारें पांचवा हिस्सा लोक मेले. शेजारींच अमेरिकेच्या ताब्यांतील सामोआ बेटें आहेत. तेथील गव्हर्नर पॉयर ह्यांनीं बिनतारी संदेशांवरून सावध होऊन बाहेरच्या जहाजांस आपलीं बंदरें बंद केलीं. तेथें ह्या रोगानें एकही मनुष्य मेला नाहीं. समुद्र एकच, वाराही एकच. फरक पडला तो धक्क्यावर.

मग असें म्हणावें काय, कीं सर्वांनीं जहाजावरच राहावें म्हणजे झालें? त्याचेंही उत्तर २०२० च्या फेब्रुवारींत जपानांतील योकोहामा बंदरांत मिळालें. 'डायमंड प्रिन्सेस' नांवाचें एक प्रचंड विहारनौका म्हणून बांधलेलें जहाज तेथें आलें. २५ जानेवारीस हाँगकाँग येथें उतरलेला त्यावरील एक उतारू रोगी निघाला, हें मागाहून कळलें. जहाजावर प्रवासी व नोकर मिळून ३,७११ माणसें होतीं. जपानी अधिकाऱ्यांनीं ५ फेब्रुवारीपासून दोन आठवडे सर्वांस जहाजावरच ठेवलें. प्रवासी आपापल्या खोल्यांत बसले. परंतु त्यांचें जेवण शिजविणारे, तें दाराशीं पोंचविणारे व भांडीं घासणारे नोकर मात्र कामावरच होते, आणि ते तर एकेका खोलींत अनेकजण राहणारे व एकाच ठिकाणीं जेवणारे. शेवटीं ७१२ जणांस लागण झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांपैकीं प्रवासी अवघे सहा, बाकीचे १३२ नोकरवर्गांतले. मौजेच्या जहाजावर आपले लोक कोणत्या बाजूस असतात, तें ह्या दोन आंकड्यांवरून दिसतें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे परत येऊं. कारण येथें एक अडचण अशी आहे कीं जी इंग्लंड-अमेरिकेंतील हौशी नौकावाल्यांस नाहीं. तिकडे उन्हाळा हाच नौकाविहाराचा हंगाम. वसंतांत बंदी आली तरी ती उठल्यावर जुलै-ऑगस्ट हातांत उरतो. आपल्याकडे उन्हाळा हा हंगामाचा शेवट आहे. मे महिन्याच्या अखेरीस नैर्ऋत्येचा वारा जोर धरूं लागतो. गेट वे व मांडवा ह्यांमधील नेहमींची लाँचवाहतूक थांबते, ती सप्टेंबरच्या सुमारास पुन्हां सुरू होते. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ दिल्यावर कोळी लोक नव्या हंगामास लागतात. तेव्हां २५ मार्चपासून मेच्या अखेरीपर्यंत जे नऊ आठवडे गेले, ते केवळ नऊ आठवडे नव्हते. शाळांची सुटी, कोंकणांत जाणारे चाकरमानी, खाडींतले पक्षी, हें सर्व त्याच नऊ आठवड्यांत येतें. लाँचवाला पावसाळ्यांतील तीन महिने ज्या पैशावर काढतो, तो पैसा त्याला ह्याच दिवसांत मिळावयाचा असतो. टाळेबंदी सैल होऊं लागली तेव्हां आभाळ भरून आलें होतें.

दुसरी गोष्ट होडीची. मोटार फाटकाआड उभी ठेवली तर वर्षभर राहते, अशी आपली कल्पना असते. (तीही राहत नाहीं, म्हणा.) लांकडी होडीचें तसें नाहीं. ती पाण्यांत उभी राहिली तर तळाला शिंपल्यासारखे जीव चिकटतात आणि लांकूड पोखरणारे जीव आंत शिरतात. म्हणून ती वरचेवर कोरड्यावर घेऊन तळ खरवडावा लागतो. कोरड्यावरच राहिली तर एप्रिल-मेच्या उन्हानें फळ्या आटतात व सांधे उघडे पडतात. मग त्या फटींत कापूस ठोसून वर राळ व तेल ह्यांचा लेप द्यावा लागतो. पावसाळ्यापूर्वीं होडी ओढून वर घेऊन झांपांनीं शाकारून ठेवावयाची, ह्यासाठीं चार-सहा माणसें एकत्र यावीं लागतात. आणि नेमकें एकत्र येणेंच त्या वेळीं मना होतें. यंत्रांतील तेल साचतें, खाऱ्या हवेनें लोखंड खातें. ह्या सर्वाला पैसा लागतो, आणि होडी जितकी अधिक बसून राहील तितका अधिक.

आमच्या तांडेलाचें असेंच झालें. मे महिन्यांत आम्हीं त्याला निरोप धाडून विसार परत मागितला. बेत रद्द झाला, तेव्हां पैसे परत घेणें हें रीतीस धरूनच होतें, आणि आमच्यापैकीं कोणास त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. त्यानें एका शब्दानें कुरकूर न करतां रक्कम पोंचती केली. त्यानंतर कित्येक महिन्यांनीं समजलें कीं त्या पावसाळ्यांत त्यानें होडीचें यंत्र विकलें. आमच्या विसारामुळेंच विकलें असें मी म्हणत नाहीं. तसे विसार परत मागणारे आणखीही असतील. पण त्या रकमेवांचून आमचें कांहीं अडलें नव्हतें.

मोठ्या जहाजांचें नशीब कांहीं फार निराळें नव्हतें. मुंबईहून विहारास निघणारें 'कर्णिका' नांवाचें जहाज एप्रिल २०१९ मध्यें सुरू झालें. साथींत तें मुंबईबाहेर नांगरून पडलें, चालविणारी कंपनी २०२० च्या ऑक्टोबरांत बंद झाली, आणि जहाज गुजराथेंत अलंग येथें मोडींत गेलें. परदेशी जहाजांवर काम करणारे आपले तरुण, ज्यांत गोव्याचे व कोंकणचे पुष्कळ असतात, ते निरनिराळ्या समुद्रांत अडकून पडले. 'मरेला डिस्कव्हरी' जहाजावरील शें-दीडशें भारतीय नोकर कांहीं दिवस मुंबईच्या समोर समुद्रांत थांबून होते. शेवटीं २३ एप्रिल २०२० रोजीं त्यांस मुंबई बंदरांत उतरूं दिलें. स्वतःच्या देशाचा किनारा डोळ्यांनीं दिसत असून पाय लावतां येऊं नये, ही शिक्षा त्यांनीं कोणत्याही अपराधावांचून भोगली. आणि तरीही तो नियम चुकीचा होता असें म्हणवत नाहीं.

ऑगस्ट २०२० मध्यें मांडव्याचें मोटारवाहू जहाज पुन्हां चालूं लागलें, हिवाळ्यांत इतर वाहतूकही हळूहळू सुरू झाली, आणि लोकांस वाटलें कीं संपलें एकदांचें. तों एप्रिल २०२१ मध्यें दुसरी लाट आली व त्याही वर्षींचा उन्हाळा गेला. त्या लाटेंत भाच्याचे आजोबा आजारी पडले. बरे झाले, पण दम पूर्वींसारखा राहिला नाहीं. घारापुरीच्या पायऱ्या त्यांस आतां कायमच्या दुरावल्या. पुढें जानेवारी २०२२ मध्यें मुंबईहून गोव्यास गेलेल्या 'कॉर्डेलिया' जहाजावर दोन हजारांवर माणसें होतीं. मुरगांव बंदराजवळ तपासणी झाली तेव्हां त्यांत ६६ जण बाधित निघाले आणि जहाज मुंबईकडे परत वळविण्यांत आलें. दोन वर्षांत लस निघाली, औषधें आलीं, तपासणी तासांवर आली. तरीही बंद खोल्यांचें मोठें जहाज हें अशा रोगास किती सोयीचें, हें पुन्हां दिसलें.

पालकांपैकीं कोणी विचारील कीं अशी साथ पुन्हां आली तर उन्हाळ्याचे बेत करूंच नयेत काय? माझें मत असें आहे कीं करावे, पण निराळ्या रीतीनें करावे. पूर्ण बंदी असेल तेव्हां प्रश्नच नाहीं. ती उठल्यावर प्रथम जवळचें पाणी धरावें: जेथें रेल्वेनें जावें लागत नाहीं, आणि गेल्या दिवशींच परत येतां येतें. मोठ्या जहाजापेक्षां उघडी होडी बरी, आणि परक्यांच्या गर्दीपेक्षां एकाच घरचीं माणसें बरीं. पलीकडे उतरावयाचें असेल तर तेथील गांवकऱ्यांस आधीं विचारावें. ते नको म्हणाले तर रुसूं नये. कोणास कणकण वाटत असेल तर त्याला घरीं ठेवून बाकीच्यांनीं जाणें हेंही खरें नव्हे, कारण एका घरांतल्या एकास झालें तें दुसऱ्याच्या अंगांत आधींच असूं शकतें. अशा वेळीं सर्वांनींच राहावें. विसार द्यावयाचा तो, बेत मोडला तर तो पुढच्या हंगामास धरला जाईल, अशा बोलीनें द्यावा. ही शेवटची गोष्ट मी आमच्याच चुकीवरून शिकलों.

२०२३ च्या जानेवारींत आम्हीं त्याच तांडेलाकडे पुन्हां गेलों. त्यानें कर्ज काढून जुनें यंत्र घेतलें होतें, होडी तीच. भाचा आतां चौदा वर्षांचा झाला होता. त्यानें नवी वही केली होती, कारण जुन्या वहींतील वेळा आतां कामाच्या नव्हत्या. आजोबांसाठीं घरची एक खुर्ची होडींत ठेवून तिचे पाय दोरीनें बांधले. विटाव्याच्या पुढें गेल्यावर दूर चिखलावर एक फिक्कट गुलाबी पट्टा दिसूं लागला. होडीचा एक सांधा अद्याप थोडा झिरपत होता. भाचा पत्र्याच्या डब्यानें पाणी उपसून बाहेर टाकीत होता आणि मधून मधून घड्याळाकडे पाहत होता. तांडेल म्हणाला, आतां परतावें, पाणी उतरूं लागेल. आजोबांनीं एक हात वर केला. "अजून दहा मिनिटें आहेत," ते म्हणाले, "मुलाच्या वहींत लिहिलें आहे."